‘सगळं ठीक ना?’ असं विचारलं की बाळंतीण ‘हो’च म्हणते

आजचा लेख नेहमीसारखा ‘लक्षणं, कारणं, उपाय’ अशा क्रमाने जाणार नाही. आज थोडं भांडायचं आहे, आणि ते आम्हा डॉक्टरांशीच. पण भांडण तुमच्यासमोर करतोय, कारण यात नुकसान तुमच्या घरातल्या लेकीसुनांचं होतं आणि तुम्ही मागणी केल्याशिवाय ते थांबणारही नाही.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काही वर्षांपूर्वी एक पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई सासूबाईंसोबत दवाखान्यात आली. दुसरं बाळंतपण, दुसरी मुलगी, तीन आठवडे झालेले. तक्रार काय, तर डोकं तापल्यासारखं होतं, हातपाय गळतात आणि बाळ झोपलं तरी झोप येत नाही. अर्धी उत्तरं सासूबाई देत होत्या. मी रक्तदाब पाहिला, डोळ्यांखालची लाली पाहिली, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी लिहिली. मग आम्ही डॉक्टर विचारतो तसं विचारलं, “बाकी सगळं ठीक ना?” ती म्हणाली, “हो.”

सासूबाई रक्ततपासणीचे पैसे भरायला बाहेर गेल्या. तेवढ्यात ती खाली बघत म्हणाली, “डॉक्टर, हे बाळ माझं वाटतच नाही.” मी म्हणालो, “अहो, दुसरं बाळंतपण आहे ना तुमचं? होतं असं सुरुवातीला.” लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

दहा-बारा दिवसांनी पहाटे तिच्या जावेने तिला विहिरीच्या कठड्यापाशी धरलं. जाऊ लघवीला उठली होती म्हणून बाई वाचली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे औषधं सुरू झाली आणि पाच-सहा महिन्यांत ती सावरली. आज ती मुलीला घेऊन माझ्याकडे सर्दी-खोकल्यासाठी येते.

बरी झाल्यावर एकदा मी तिला विचारलं, “तेव्हा मी तुम्हाला काय विचारायला हवं होतं?” ती म्हणाली, “तुम्ही विचारलंत की, सगळं ठीक ना म्हणून. पण सासूबाईंसमोर मी काय सांगणार? जेवण गोड लागतं का एवढं जरी विचारलं असतं ना, तरी मी रडले असते.”

मी एमडी मेडिसिन आहे आणि नैराश्याची व्याख्या मला पाठ होती. पण तिच्या घरात, तिच्या भाषेत आणि सासूच्या उपस्थितीत नैराश्य कसं दिसतं आणि कसं बोलतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि तिने स्वतः सांगितलं तेव्हाही मी ऐकलं नाही. आजचा लेख या न शिकवलेल्या गोष्टीबद्दल आहे.

आजार किती मोठा आहे?

आधी थोडी माहिती. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं, भीती वाटणं हे निम्म्याहून अधिक स्त्रियांना होतं. दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. त्याला आजार म्हणत नाहीत.

दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली, झोप-भूक गेली, बाळात जीव रमेना, ‘मी आई व्हायच्या लायकीचीच नाही’ असं वाटू लागलं, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य. भारतातल्या 38 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण सुमारे 22 टक्के आढळलं. म्हणजे साधारण दर पाच बाळंतिणींमागे एक. यातल्या अनेकींचा त्रास बाळंतपणानंतर नव्हे, पोटुशी असतानाच सुरू झालेला असतो.

तिसरा प्रकार विरळा पण गंभीर. हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या काही दिवसांतच भास होतात, भलत्याच शंका येतात. अशी बाई झोपत नाही, असंबद्ध बोलते. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे, हार्ट अटॅकइतकीच तातडीची. गावात याला ‘बाळंतवात’ किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणतात आणि मोलाचे दिवस निघून जातात.

पाचात एक! मधुमेहाचं किंवा रक्तदाबाचं एवढं प्रमाण असतं, तर प्रत्येक गरोदर बाईच्या कार्डावर त्याचा रकाना ठळक छापला असता.

‘बायका सांगतच नाहीत हो!’

हे वाक्य मी डॉक्टरांच्या प्रत्येक सभेत ऐकतो आणि ते मला पटत नाही. बायका सांगतात. फक्त त्या आमच्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत सांगत नाहीत.

“मला उदास वाटतं” असं वाक्य घेऊन माझ्याकडे आलेल्या बाळंतिणी मी बोटांवर मोजू शकेन. त्या म्हणतात, “जीव घाबरा होतो.” “डोक्यात मुंग्या येतात.” “कशात मन लागत नाही.” “अंगात त्राणच नाही.” “बाळ रडलं की छातीत धडधडतं.” “दूध उतरत नाही.” यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे एक दार आहे. आम्ही त्या दारातून आत न जाता बाहेर उभं राहून जीवनसत्त्वाची गोळी सरकवतो.

आता तुम्ही म्हणाल, यासाठी काही प्रश्नावली वगैरे नसते का? असते. जगभर वापरली जाणारी एक दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. 1987 साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली, म्हणून तिला एडिनबरो स्केल म्हणतात. साधन चांगलं आहे, मी स्वतः वापरतो. पण तिची बाई डोळ्यांसमोर आणा. स्वतः कागद वाचणारी, एकटी बसून मागच्या सात दिवसांतल्या मनःस्थितीवर खूण करणारी. आपल्याकडे तोच कागद कसा भरला जातो? सिस्टर मोठ्याने प्रश्न वाचते, शेजारी सासू, समोर नवरा, मागे रांग. ‘गोष्टींमधली गंमत पूर्वीसारखी दिसते का’ अशा अर्थाचा पहिलाच प्रश्न. बाळंतिणीला कळत नाही की काय गंमत? आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. तो सासूसमोर विचारल्यावर ‘नाही’ हेच उत्तर येणार. मग रजिस्टरमध्ये लिहिलं जातं, ‘नैराश्य नाही’.

शब्दांचं भाषांतर झालं, प्रसंगाचं झालं नाही. गुणांची रेषा कुठे आखायची, किती गुणांच्या पुढे ‘संशयित’ म्हणायचं, हेसुद्धा प्रत्येक भाषेत आणि समाजात पुन्हा तपासून ठरवावं लागतं. आमच्याकडे बऱ्याचदा झेरॉक्स काढली की काम झालं असं समजतात.

‘आपल्याकडे असलं नसतं, आपल्याकडे माणसं असतात’

आता पहिला विरोधक. हे गृहस्थ म्हणतात, “डॉक्टर, ही पाश्चात्त्यांची थेरं. तिकडे बाई एकटी असते. आपल्याकडे माहेर आहे, शेक-शेगडी आहे, डिंकाचे लाडू आहेत, न्हाऊ घालायला बाई येते, सव्वा महिना कुणी हात लावू देत नाही.”

यातलं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मला मनापासून प्रिय आहे. बाळंतिणीला विश्रांती हवी, गरम जेवण हवं, अंगाला तेल हवं आणि बाळाला सांभाळायला चार हात हवेत, हे आपल्या आज्यांना मानसशास्त्राच्या पदवीशिवाय कळलं होतं.

पण उरलेलं अर्धं बघा. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी मातांचा अभ्यास केला. तो 2002 साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी 23 टक्के स्त्रियांना नैराश्य होतं. नात्यागोत्यांचा, घरात माणसं असलेला हाच समाज. धोका कशाने वाढला? गरिबीने, नवऱ्याशी बिघडलेल्या संबंधांनी आणि मुलगी झाल्याने. मुलगी हवी नसणं हीसुद्धा आपली ‘संस्कृती’च आहे, हे विसरून कसं चालेल? ‘पहिली बेटी धनाची पेटी’ म्हणताना दुसऱ्या बेटीच्या वेळी घरात किती शांतता पसरते, ते प्रसूतिगृहातल्या मावशींना विचारा.

आणि माहेर म्हणाल, तर पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं बहुधा सासरी. माहेरपण संपून बाई सासरी परतते ते साधारण सव्वा ते तीन महिन्यांनी, म्हणजे नैराश्य भरात असण्याच्या काळातच. शिवाय तिची नोंदणी सासरच्या आशाताईंकडे, बाळंतपण माहेरच्या गावात, परत आली तेव्हा घरभेटींचे 42 दिवस संपलेले. दोन रजिस्टरांच्या मधल्या फटीत ही बाई पडते. ज्याने कुणी बाळंतपणाची आपली पद्धत समजून घेऊन वेळापत्रक आखलं असतं, त्याने ही फट ठेवली नसती.

तेव्हा मी ‘संस्कृती समजून घेणारं प्रशिक्षण’ म्हणतो, त्याचा अर्थ संस्कृतीचे गोडवे गाणं असा नाही. बाईला आधार देणारं काय आणि तिला चिरडणारं काय, हे दोन्ही ओळखता येणं म्हणजे ते प्रशिक्षण. दुसरी मुलगी झालेल्या बाईच्या केसपेपरवर माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. ती वाजली नाही.

‘आधी यांच्या अंधश्रद्धा घालवा’

दुसरा विरोधक आमच्याच जातीचा, म्हणजे डॉक्टर. तो म्हणतो, “कसली संस्कृती? कानाला फडकी, धुरी, दृष्ट, सटवाई! आधी हे बंद करा.”

मी यावर साधे तीन ढीग करतो. पहिला ढीग उपयोगी गोष्टींचा: विश्रांती, मालिश, पौष्टिक खाणं, अंगाई, घरच्यांची मदत. दुसरा निरुपद्रवी गोष्टींचा: दृष्ट काढणं, गालावर तीट, पाचवीला सटवाईची पूजा, कानाला फडकं. तिसरा घातक गोष्टींचा: पहिला चीक फेकून देणं, बाळंतिणीचं पाणी तोडणं, कोंदट खोलीत धूर करणं, बाळाच्या डोळ्यांत काजळ, पोटावर चटके. तिसरा ढीग बंदच करायचा, त्यात तडजोड नाही. पहिला जपायचा. दुसऱ्यावर शक्ती घालवायची नाही.

पण तिसरा ढीग बंद करायला तुमचं कोण ऐकणार? दुसऱ्या ढिगावरून ज्याने आजीचा अपमान केला, त्याचं आजी ऐकत नाही. मांत्रिकाकडे नेलेल्या बाळंतिणीच्या नातेवाइकांना मी पूर्वी ओरडायचो. परिणाम एवढाच, की पुढच्या वेळी ते माझ्याकडे येण्याआधी नव्हे, माझ्याकडे यायचंच टाळून मांत्रिकाकडे जायचे. आता विचारतो, “आणखी कुठे दाखवलंत? त्यांनी काय सांगितलं?” मग सगळं बाहेर येतं. “अंगारा असू द्या, पण ही गोळी रोज द्या आणि तिला रात्रभर झोपू द्या,” असं सांगितलं की औषध सुरू राहतं. यात मी माझं विज्ञान सोडलं का? नाही. पेशंट हातातून सोडला नाही, एवढंच.

मग शिकवायचं काय?

याचं उत्तर आकाशातून आणायला नको. करून दाखवलेली कामं आपल्या आसपासच आहेत.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात डॉ. अतीफ रहमान आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ना, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्यांना, नैराश्यग्रस्त गरोदर स्त्रियांशी बोलायचं शिकवलं. 2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात 53 टक्के माता नैराश्यात होत्या, तर या खास भेटी मिळालेल्या गटात 23 टक्के. गोळीशिवाय!

त्यांची युक्ती काय होती? त्यांनी घरात जाऊन “तुमची सून मनोरुग्ण आहे” असं म्हटलं नाही. बाळाची वाढ चांगली व्हावी म्हणून आलो आहोत, असं सांगितलं. बाळाच्या भल्याला सासूही नाही म्हणत नाही, नवराही नाही. त्या दारातून आत गेल्यावर आईच्या मनातले विचार, तिची झोप, तिला कोण मदत करतं, हे सगळं बोलता आलं. कुटुंबाचा जीव कशात आहे हे ओळखून तिथून सुरुवात केली.

पुढे हीच पद्धत गोव्यात आणली, तेव्हा काम त्याच समाजातल्या, स्वतः आई असलेल्या साध्या स्त्रियांना शिकवून केलं. पाकिस्तानातल्याइतका मोठा फरक तिथे दिसला नाही. पण सहा महिन्यांनंतर नैराश्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण मदत मिळालेल्या गटात जास्त होतं. एका जागी चाललेलं दुसरीकडे जसंच्या तसं चालत नाही, हाही धडा त्यातून घ्यायचा.

आणि आपलं गडचिरोली! डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत करून नवजात बाळाची काळजी घरोघरी नेली. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी आढळलं. देशभरात आज आशाताई बाळंतिणीकडे घरभेटीला जातात, त्यामागे हे काम आहे. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घराचा उंबरा ओलांडतात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात, आईचा रक्तस्राव विचारतात. सहा वेळा कुणीतरी प्रशिक्षित बाई त्या खोलीत जाते. तिला आईच्या मनापर्यंत जायला आम्ही नीट शिकवलेलं नाही, याचा दोष तिचा कसा?

मला विचाराल तर प्रशिक्षणात निदान एवढं हवंच:

• बोली. त्या भागातल्या बायका मनाच्या त्रासाला काय म्हणतात, त्यांची यादी आधी त्यांच्याकडूनच करून घ्यायची. शहरातून छापील यादी पाठवायची नाही.

• एकांत. बाळंतिणीशी पाच मिनिटं एकटीने बोलायचं कसं? “आजी, बाळाला जरा उन्हात घेऊन बसता का?” ही युक्ती पुस्तकात नाही, पण अनुभवी आशाताईंना ठाऊक असते. ती सगळ्यांना शिकवा.

• प्रश्नांची शिडी. आधी जेवण, मग झोप, मग बाळ, मग मन, मग जगण्याची इच्छा. शेवटची पायरी टाळायची नाही. ‘मरावंसं वाटतं का’ असं विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून बाई मोकळी होते.

• सासू. तिला शत्रू समजून प्रशिक्षण दिलं तर ते फसेल. सासूलाही कधीतरी असंच झालेलं असतं. “तुमच्या बाळंतपणात तुम्हाला कसं वाटलं होतं?” एवढ्या प्रश्नावर मी सासवांना डोळे पुसताना पाहिलं आहे.

• आरसा. हे आम्हा डॉक्टर-नर्ससाठी. कळा येत असताना बाईवर ओरडणं, ‘तिसरं कशाला हवं होतं’ असं सुनावणं, गरीब बाईला ‘हिला बाळाची काळजीच नाही’ असं लेबल लावणं. जात, पैसा, भाषा बघून आमचा आवाज बदलतो. हे मान्य केल्याशिवाय पुढचं सगळं फोल.

• सातत्य. दोन दिवसांची कार्यशाळा, चहा-बिस्कीट आणि प्रमाणपत्र, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. दर महिन्याला अवघड केसवर बोलायला कुणीतरी जाणतं माणूस हवं.

संस्कृती एक नाही

इथे एक सावधगिरी. वर मी लाडू, शेगडी, माहेर म्हणालो, ते सगळ्यांचं नाही. बीडहून कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडात गेलेल्या बाईला सव्वा महिना कुठला? पालाच्या खोपीत बाळंत होऊन ती काही दिवसांत मोळी बांधते. मेळघाटातली कोरकू आई, नंदुरबारची भिली किंवा पावरी बोलणारी आई यांना प्रमाण मराठीही परकी आहे. मुस्लिम घरात चाळीस दिवसांचा हिशेब वेगळा. पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नोकरदार आईला मदतीला कुणी नाही आणि सल्ले द्यायला मोबाइलमध्ये हजार माणसं आहेत.

म्हणून ‘मराठी बाळंतिणीची संस्कृती’ अशी पाच पानांची टिपणं पाठ करून कुणी शहाणा होणार नाही. शिकवायची गोष्ट एकच: समोरच्या बाईला विचारायचं, “तुमच्यात बाळंतपणात काय करतात? त्यातलं तुम्हाला काय मिळालं? काय नको वाटतं?” आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. आम्हा डॉक्टरांना हे गप्प बसणंच सर्वांत जड जातं.

आणि बाळाचं काय?

काही जणांना ‘बाळाचं मानसिक आरोग्य’ हे शब्द ऐकून हसू येतं. तान्ह्या बाळाला कसलं मन? तर बाळाचा मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांत जितक्या वेगाने घडतो, तितका पुढे कधीच घडत नाही. आणि तो घडतो प्रतिसादावर. बाळ हुंकारतं, कुणीतरी हुंकार परत देतं. बाळ बघतं, कुणीतरी डोळ्यांत बघून हसतं. नैराश्यातल्या आईला हे जमत नाही. ती वाईट आई असते म्हणून नव्हे, तिच्यात त्राण नसतं म्हणून. गोव्याच्याच अभ्यासात नैराश्य असलेल्या मातांच्या बाळांचं वजन सहाव्या महिन्यात कमी असण्याची शक्यता जास्त आढळली. कुपोषणाचा तक्ता भरताना आपण आहार विचारतो, आईचं मन विचारत नाही.

इथेही परदेशी चष्मा काढायला हवा. आमच्या प्रशिक्षणात बाळ आणि आई ही जोडी समोर बसवून निरीक्षण करायला सांगतात. आपल्या घरात बाळाला एक मांडी नसते, चार असतात. पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी आजी, पाळण्याची दोरी ओढणारी मोठी बहीण, खांद्यावर घेऊन अंगणात फिरणारे आजोबा. आई आजारी असताना या मांड्या बाळाचं मन वाचवतात. त्यांना ‘आईची जागा घेणारे’ न समजता उपचारातले भागीदार समजा. “आईला बरं वाटेपर्यंत बाळाशी तुम्ही भरपूर बोला, गा, आणि रोज थोडा वेळ बाळ तिच्या कुशीत द्या, पण जबरदस्ती नको.” हा सल्ला आपल्या घरात सहज रुजतो.

बाई रुग्णालयात दाखल झाली तर बाळाला तोडायचं का? 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईपासून वेगळं करू नये. तिच्या आजारामुळे मुलाला धोका असेल तर मात्र वेगळा निर्णय घेता येतो. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2009पासून आई आणि बाळ एकत्र ठेवणारा कक्ष आहे. अशी सोय जिल्ह्याजिल्ह्यात का नाही, हा प्रश्न तुम्ही तुमच्या लोकप्रतिनिधीला विचारायला हरकत नाही. याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानायला सांगितलं आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने असा प्रसंग लपवू नका.

‘आशाताईंवर आणखी ओझं?’

हा तिसरा आक्षेप, आणि तो रास्त आहे. हजार लोकसंख्येमागे एक आशा. तिच्यावर लसीकरण, सर्वेक्षणं, क्षयरोग, सगळंच. नवजात बाळाच्या घरभेटींच्या पूर्ण मालिकेचा तिचा मोबदला 250 रुपये. तिच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवायला माझा विरोधच आहे.

म्हणून माझी मागणी उलट क्रमाची आहे. आधी शिकवा आम्हाला. स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, माझ्यासारखे फिजिशियन, प्रसूतिकक्षातल्या नर्स. आमच्या वेळी एमबीबीएसमध्ये मानसोपचाराची पोस्टिंग दोन आठवड्यांची होती आणि त्यात मी एकही बाळंतीण पाहिली नव्हती. आशाताईंनी ओळखलेली बाई शेवटी आमच्याच टेबलासमोर येते. तिथे जर “होतं असं सुरुवातीला” हेच ऐकू येणार असेल, तर आशाताईंनी ओळखून उपयोग काय? आणि आशाताईंना शिकवायचं तर त्या कामाचे पैसे द्या आणि दुसरं एखादं रजिस्टर कमी करा.

तुम्ही काय कराल?

गरोदर असाल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा, “मला पाच मिनिटं एकटीने बोलायचंय.” हा तुमचा अधिकार आहे. नवरा असाल तर रात्रीचं एक जागरण स्वतःकडे घ्या, आणि ‘तुला काय कमी आहे?’ हे वाक्य सोडून द्या. सासू किंवा आई असाल तर बाळाआधी बाळंतिणीकडे बघा. जेवण गोड लागतं का, बाळ झोपल्यावर हिला झोप लागते का, आरशात बघते का, बोलायची थांबली आहे का?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त असं चाललं असेल तर डॉक्टरांकडे न्या. डॉक्टर माझ्यासारखा ‘होतं असं’ म्हणाला, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे न्या. स्तनपान चालू असतानाही देता येतील अशी औषधं आहेत, म्हणून दुधाच्या भीतीने उपचार थांबवू नका. ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. भास होत असतील, मरण्याच्या किंवा बाळाला इजा करण्याच्या गोष्टी बोलत असेल, तर तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

माझ्या टेबलावर आता काचेखाली एक चिठ्ठी आहे. त्यावर चार प्रश्न लिहिले आहेत: जेवण गोड लागतं का? झोप लागते का? बाळ आपलं वाटतं का? घरात कुणाशी मनातलं बोलता का? बाळंतीण आली की मी आधी सासूबाईंना बाळ घेऊन बाहेरच्या बाकावर बसायला सांगतो, मग हे विचारतो. पहिलाच प्रश्न त्या बाईने शिकवला आहे. तो शिकायला मला पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस आणि तिला विहिरीच्या कठड्यापर्यंत जावं लागलं. पुढच्या डॉक्टरला तो कॉलेजातच शिकवला जावा, एवढीच माझी मागणी आहे.